आठवीच्या मुलांना चादर उलगडून कशी शिकवावी? (सोलापूर)

पूर्वभागातली_शिक्षिका

नमस्कार. मी सोलापूरच्या पूर्व भागातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवते. यंदा आमच्या शाळेने प्रकल्पासाठी "आधुनिक वस्त्रनिर्मिती : नक्षी, तंत्र आणि कारखाना" हा विषय निवडला असून त्यासाठी माझ्या हाती आठ तासिका आणि एक शनिवार आहे. जालावरचे बरेच साहित्य मी चाळून पाहिले. त्यात परदेशी कारखान्यांतली चकचकीत यंत्रे आहेत, आगीत न जळणारी कापडे आहेत, घाम टिपणारे खेळाडूंचे सदरे आहेत. पण यांतले काहीही माझ्या वर्गातल्या मुलांच्या हाताला लागणारे नाही. उलट ज्या गोष्टी त्यांच्या हाताखालून रोज जातात, त्यांच्याविषयी त्या साहित्यात अवाक्षर नाही. निम्म्याहून अधिक मुलांच्या घरातले कोणी ना कोणी मागावर, टॉवेलच्या शिलाईवर किंवा गणवेशाच्या कारखान्यात कामाला आहे. अनेकांच्या घरी तेलुगू बोलतात, त्यामुळे "माग" म्हटल्यावर ती क्षणभर थांबतात आणि "मग्गम" म्हटल्यावर सगळा वर्ग एकदम बोलू लागतो.

अडचण कुठे आली, ते सांगते. घरातले कोणतेही एक कापड आणा, असे मी सांगितले होते. एका मुलीने जकार्डची चादर आणली. तिच्या एका बाजूला लाल जमिनीवर पांढरे मोर होते आणि दुसऱ्या बाजूला तेच मोर लाल होऊन पांढऱ्या जमिनीवर उभे होते. तिने विचारले की हे छापले असेल, तर दोन्ही बाजूंना इतके बरोबर जागेवर कसे छापले? आणि छापलेले नसेल, तर रंगांची अदलाबदल कशी होते? कोपऱ्यात विणलेले नाव एका बाजूने नीट वाचता येते आणि दुसऱ्या बाजूने आरशातल्यासारखे उलटे दिसते, तेही का? मी "ही जकार्डवर विणलेली आहे" असे सांगून वेळ मारून नेली. ते उत्तर नव्हे, नुसते नाव होते, हे मुलांच्या चेहऱ्यांवरून मला लगेच कळले.

तेव्हा जाणकारांना विचारते. यंत्र समोर नसताना ही वीण मुलांना कशी समजावता येईल? आज नक्षी संगणकावर काढतात, त्याचा या विणीशी नेमका संबंध काय? शाळेच्या साध्या प्रयोगशाळेत कापडावर कोणते प्रयोग होऊ शकतील? आणि शनिवारी मुलांना कारखाना दाखवणे उपयोगाचे ठरेल का?

ग्राफवाला

मॅडम, मी गेली बावीस वर्षे चादरींची डिझाइन करतो. सुरुवातीची वर्षे ग्राफच्या कागदावर रंग भरण्यात आणि कार्ड पंच करण्यात गेली, आता संगणकावर काम करतो. तुमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न अगदी योग्य जागी बोट ठेवणारा आहे, म्हणून त्याचेच उत्तर आधी देतो.

तिला सांगा, की चादरीवरच्या मोराच्या ऐन पोटात दोन्ही हातांच्या चिमटी लावून कापड वर-खाली ओढून पहा. चादर दोन थरांच्या विणीची असेल, तर तिथे कापडाचे दोन पापुद्रे एकमेकांपासून सुटे होतील, जणू आत पिशवी आहे. तशीच चिमटी मोराच्या कडेवर लावली, तर पापुद्रे सुटणार नाहीत. उत्तर या दोन चिमटींमध्ये आहे. मागावर लाल आणि पांढरे असे दोन रंगांचे उभे धागे आणि त्याच दोन रंगांचे आडवे धागे असतात, आणि एकाच वेळी दोन कापडे एकावर एक विणली जातात. जमिनीच्या भागात लाल कापड वर आणि पांढरे खाली असते. मोराची कड आली की दोन्ही कापडे जागा बदलतात, पांढरे वर येते आणि लाल खाली जाते. म्हणून मागच्या बाजूला रंग उलटे दिसतात, आणि हीच अदलाबदल आपण मागून पाहत असल्यामुळे नावही उलटे दिसते. छपाईचा इथे काही संबंध नाही. सगळ्याच चादरी अशा विणीच्या नसतात, त्यामुळे आधी चिमटीची परीक्षा घ्यावी आणि मगच वर्गात बोलावे.

आता कोणता धागा कधी वर जायचा, हे कोण ठरवते? जकार्डमध्ये प्रत्येक उभ्या धाग्याला वरून दोरी असते, ती एका हुकाला जोडलेली असते आणि हुकाला आडवी सुई असते. आडव्या धाग्याच्या प्रत्येक फेरीला पुठ्ठ्याचे एक कार्ड त्या सुयांसमोर येऊन दाबले जाते. जिथे भोक आहे तिथे सुई भोकात शिरते, हुक जागेवर राहतो आणि वर उचलणारी पट्टी त्याला घेऊन जाते. जिथे भोक नाही तिथे पुठ्ठा सुईला मागे ढकलतो, हुक पट्टीवरून सरकतो आणि धागा खालीच राहतो. भोक म्हणजे वर, कोरा पुठ्ठा म्हणजे खाली. तिसरी शक्यता नाही. फ्रान्समधील लियों शहरात जोसेफ मारी जकार्ड यांनी 1804 साली हे यंत्र आणले. संगणकाचा आराखडा मांडणाऱ्या चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या यंत्राला आज्ञा देण्यासाठी हीच कार्डांची युक्ती घेतली होती. त्यांच्याकडे जकार्ड यांचे रेशमात विणलेले एक चित्र होते; 1839 सालच्या त्या एका चित्रासाठी 24,000 कार्डे लागली होती, असे मुलांना सांगितले तर ती गप्प बसतात, हा माझा घरचा अनुभव आहे.

वर्गात यंत्र लागत नाही. चौकटींची गणिताची वही द्या आणि 16 बाय 16 चौकटींत एक पान किंवा पक्षी काढायला सांगा. गोलाई आली की रेघ पायऱ्या-पायऱ्यांनी काढावी लागते, हे त्यांना आपोआप कळेल. आमचा निम्मा धंदा त्या पायऱ्या डोळ्यांना गोल दिसाव्यात यासाठीच चालतो. नंतर प्रत्येक ओळ मोठ्याने वाचायला लावा : खाली, खाली, वर, वर, वर, खाली. एका मुलाने वाचायचे आणि दुसऱ्याने चित्र न पाहता रिकाम्या चौकटीत भरायचे. चित्र जुळले, तर कार्ड बरोबर. संगणक आजही याहून वेगळे काही करत नाही. पडद्यावरची एक चौकट ही एका धाग्याची आज्ञा असते, फक्त पुठ्ठ्याऐवजी ती फाईलमधून जाते आणि इलेक्ट्रॉनिक जकार्डमध्ये प्रत्येक हुक विजेच्या इशाऱ्यावर धरला किंवा सोडला जातो. असे पहिले यंत्र 1983 साली बाजारात आले.

एक गणितही देतो, कारण ते माझ्या खिशातून गेलेले आहे. आमच्या जकार्डला 400 हुक होते आणि एका इंचात दोन्ही थरांचे मिळून 40 उभे धागे, म्हणजे नक्षी दर 10 इंचांनी पुन्हा सुरू व्हायची. काठ बाजूला ठेवला, तर 60 इंच रुंदीच्या चादरीत एकच मोर आडवा सहा वेळा आणि 90 इंच लांबीत 15 इंचांच्या हिशेबाने उभा सहा वेळा येतो. माझ्याकडून एका कार्डात एकच भोक जास्त पडले होते. मोराच्या डोळ्याखाली एक ठिपका. पहिली चादर मागावरून उतरली, तेव्हा तिच्यावर किती ठिपके असतील, हे मुलांना काढायला सांगा. मालकांनी ते मोजून दाखवले होते : छत्तीस.

निवृत्त_वस्त्रतंत्र

वरील उत्तर उत्तम आहे. तरी एक दुरुस्ती आणि एक मतभेद नोंदवतो.

दुरुस्ती अशी, की भोकांच्या साहाय्याने धागे निवडण्याची कल्पना जकार्ड यांची एकट्याची नाही. बाझिल बुशों यांनी लियोंमध्येच 1725 साली भोके पाडलेल्या कागदाची पट्टी वापरली होती, पुढे तिची कार्डे झाली, आणि या साऱ्या प्रयत्नांना विश्वासाने चालणाऱ्या यंत्राचे रूप जकार्ड यांनी दिले. शोध एका माणसाच्या नावावर मांडून मोकळे होण्याची सवय मुलांना आठवीतच लागू नये, एवढ्यासाठी हे लिहिले.

मतभेद असा, की आरंभ जकार्डपासून करू नये. ज्या मुलाने साधी वीण बोटांनी उसवलेली नाही, त्याला दोन थरांची वीण हा जादूचा खेळच वाटणार. पहिली तासिका केवळ सुताला द्यावी. मागाखाली पडलेले तुकडे-सूत कोणाच्याही घरून मिळेल. त्यातले बरोबर 10 मीटर मोजून प्रयोगशाळेच्या तराजूत तोलावे. वजन 0.59 ग्रॅम भरले, तर 1000 मीटरचे वजन 59 ग्रॅम झाले, म्हणजे ते सूत 59 टेक्सचे आहे. आपल्याकडे मात्र कोणी टेक्स म्हणत नाही, "दहा काउंट" किंवा "दोन पदरी वीस" (वीस काउंटचे दोन धागे एकत्र पिळलेले) म्हणतात, आणि इथे मुलांची हमखास गफलत होते, कारण काउंट जसा वाढतो तसे सूत बारीक होत जाते. एका पौंडात 840 यार्डांच्या जितक्या लडी बसतात, तितका त्याचा काउंट. वीस काउंटचे एक पौंड सूत उलगडले, तर 16,800 यार्ड, म्हणजे 15 किलोमीटरहून थोडे अधिक भरते. 590.5 या संख्येला टेक्सने भागले की काउंट मिळतो. मुलांनी स्वतः तोललेल्या सुताचा काउंट असा काढावा आणि घरी वडिलांना विचारून ताडून पहावा. दोन उत्तरे जुळली की त्या घरात विज्ञानाचा मान थोडा वाढतो, असे मी पाहिले आहे.

दुसरा प्रयोग सोलापूरच्या हवेसाठीच जणू बनलेला आहे. उन्हाळ्यात कोरडी हवा सुटली की मागावर धागे तुटण्याचे प्रमाण वाढते आणि शेडमध्ये पाण्याचे तुषार सोडावे लागतात, हे मुलांनी पाहिलेले किंवा ऐकलेले असते. कारण त्यांना विचारल्यास "उष्णतेने" असे उत्तर येते. ते अपुरे आहे. हातभर लांबीचा वीस काउंटचा एकपदरी सुती धागा टांगावा, त्याला प्लास्टिकची रिकामी बाटली बांधावी आणि धागा तुटेपर्यंत तिच्यात मोजून पाणी ओतावे. मग तसाच दुसरा धागा पाच मिनिटे भिजवून हाच प्रयोग करावा. एका धाग्यावर निष्कर्ष काढू नये, प्रत्येकी दहा धागे तोडून सरासरी घ्यावी. बहुतेक मुले आधी सांगतील की ओला धागा लवकर तुटेल, कारण कागदाचा अनुभव तसा आहे. कापूस मात्र ओला झाल्यावर अधिक बळकट होतो. याच्या नेमके उलट वागणारा व्हिस्कोजचा (लाकडाच्या लगद्यापासून बनवलेला) धागा मिळाला, तर तोही घ्यावा. तो ओला झाला की जवळजवळ निम्मी ताकद गमावतो. पॉलिएस्टर पाणी धरतच नाही म्हटले तरी चालेल : प्रमाणित हवेत कापूस स्वतःच्या कोरड्या वजनाच्या साडेआठ टक्के ओलावा धरून असतो आणि पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. मुलांच्या अंगावरचा गणवेश बहुधा या दोहोंच्या मिश्रणाचा असतो. तो लवकर वाळतो, इस्त्री टिकवतो आणि मे महिन्यात अंगाला चिकटतो, या तिन्ही गोष्टींचे मूळ या दोन आकड्यांत आहे.

जाळून धागा ओळखण्याची परीक्षा पुस्तकांत असते, ती वर्गात मुलांच्या हाती देऊ नये. पॉलिएस्टर वितळून त्याचा तापलेला गोळा कातडीला चिकटतो.

टॉवेलवाला_अक्कलकोट_रोड

सर्व मंडळींना नमस्कार. आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. मोरांविषयी इतके लिहिले गेले आणि टॉवेलचा विषय कोणीच काढला नाही, म्हणून लिहितो. भौगोलिक मानांकन सोलापुरी चादरीला आहे, तसेच सोलापूरच्या टेरी टॉवेललाही आहे.

मॅडम, टॉवेल हा शाळेसाठी चादरीपेक्षाही सोपा नमुना आहे. टॉवेलाच्या मागावर दोन बीम, म्हणजे उभे धागे गुंडाळलेले रूळ, असतात. खालच्या बीमचे धागे ताणलेले असतात, त्यांनी टॉवेलचे अंग बनते. वरच्या बीमचे धागे सैल सोडलेले असतात, त्यांचे लूप होतात. नेहमीच्या मागात फणी प्रत्येक आडव्या धाग्याला ठोकून कापडाशी नेऊन बसवते. टॉवेलमध्ये ती पहिले दोन धागे थोडे अलीकडेच सोडते आणि तिसऱ्याला पूर्ण ठोका देऊन तिन्ही एकदम पुढे ढकलते. ताणलेले धागे जागेवर राहतात, सैल धागे त्या ढकलण्याबरोबर वर उचलले जाऊन त्यांची कमान होते. हे वाचून समजणार नाही. दोन दोऱ्या घ्या, एक दोन खुर्च्यांना घट्ट बांधा, दुसरी तिच्यावर सैल ठेवा, दोन्ही एका कंगव्याच्या दातांतून घ्या आणि सैल दोरीला चिमटीने धरून कंगव्याने पुढे सारा. कमान उभी राहील.

मग जुन्या टॉवेलचा उभ्या धाग्यांच्या दिशेने बरोबर 10 सेंटिमीटर लांबीचा तुकडा कापून आडवे धागे उसवायला लावा. अंगाचा एक धागा आणि लूपचा एक धागा सरळ करून पट्टीशेजारी ठेवा. काल रात्री मी मुद्दाम आमच्या मालातला एक घेऊन पाहिला : अंगाचा धागा साडेदहा सेंटिमीटर भरला आणि लूपचा बेचाळीस. टॉवेल पाणी का पितो, याचे निम्मे उत्तर तिथेच मिळते, कारण दहा सेंटिमीटरच्या जागेत चौपट सूत उभे केलेले असते आणि त्या सुताच्या तंतूंमधल्या बारीक फटींतून पाणी वर चढते. नवा टॉवेल पहिल्या दिवशी पाणी नीट टिपत नाही अशी तक्रार आम्ही रोज ऐकतो. मऊपणासाठी शेवटी दिलेला थर धुतला गेला की तो टिपू लागतो. तसेच 10 बाय 10 सेंटिमीटरचा चौकोनी तुकडा तोलून शंभराने गुणा, म्हणजे व्यापारी ज्याला "जीएसएम" (एका चौरस मीटरचे ग्रॅममधले वजन) म्हणतात तो आकडा मिळेल. तुकडा साडेचार ग्रॅमचा असेल, तर टॉवेल 450 जीएसएमचा.

कारखाना दाखवण्याविषयी स्पष्ट लिहितो. मुलांना अवश्य आणावे, पण चाळीस मुले एकदम आणू नयेत. धोट्याच्या (आडवा धागा पोटात घेऊन इकडून तिकडे धावणाऱ्या लाकडी नळीच्या) मागांच्या शेडमध्ये आवाज 90 डेसिबलच्या वर असतो, तिथे समजावून सांगणे शक्यच नसते आणि ओढण्या, मोकळे केस यांची काळजी वेगळीच. दहा-दहाच्या गटाने आणावे, शेडमध्ये दहा मिनिटे उभे करावे आणि प्रश्न बाहेर अंगणात विचारू द्यावेत. आत जाण्यापूर्वी त्यांना एकच काम द्या : कापडाची किनार पहा. धोट्याच्या मागावर आडवा धागा किनारीशी पोहोचून परत वळतो, म्हणून किनार बंद आणि गुळगुळीत असते. रॅपियर (आडवा धागा पट्टीने किंवा दांड्याने ओढून नेणाऱ्या) किंवा हवेच्या झोताच्या मागावर प्रत्येक आडवा धागा टोकाला कापला जातो, म्हणून तिथे झालर दिसते किंवा टोके आत दुमडलेली असतात. पहिला माग मिनिटाला सव्वाशे-दीडशे फेऱ्या करतो, हवेच्या झोताचा सहाशेच्या वर. घरी गेल्यावर कपाटातले प्रत्येक कापड कोणत्या मागाचे आहे, हे मुले किनारीवरून सांगू लागतील.

आणि एक गोष्ट लपवू नये. रंगणी दाखवली, तर तिथून बाहेर पडणारे पाणीही दाखवावे. सुती सुताला पक्का रंग देताना रंग धाग्याकडे ढकलायला मीठ लागते आणि तो धाग्याशी कायमचा जोडायला सोडा लागतो. बराचसा रंग धाग्यात राहतो, मीठ पाण्यात राहते, आणि ते पाणी स्वच्छ करणे रंगवण्याइतकेच खर्चाचे काम आहे. या धंद्यातला असूनही हे लिहितो आहे, कारण "आधुनिक" हा शब्द केवळ वेगवान मागाला लावलेला मला पटत नाही.

दहावीचा_पालक

मध्येच विचारतो, क्षमस्व. माझ्या मुलाला यात रस आहे. पण मागावर बसणे आणि वस्त्रतंत्र शिकणे यांत फरक आहे, हे घरातल्या मोठ्यांना पटत नाही. शिक्षण कुठे मिळते?

निवृत्त_वस्त्रतंत्र

बारावीला भौतिक, रसायन आणि गणित घेऊन पुढे वस्त्रतंत्राची अभियांत्रिकी पदवी इचलकरंजीच्या डीकेटीई संस्थेत, नांदेडच्या गुरू गोविंदसिंहजी अभियांत्रिकी संस्थेत किंवा मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये घेता येते. ओढा नक्षीकडे असेल, तर मुंबईच्या निफ्ट या फॅशन तंत्रज्ञान संस्थेत वस्त्ररचनेचा अभ्यासक्रम आहे, त्याची प्रवेशपरीक्षा निराळी असते. घरातल्या मोठ्यांना पटवण्याचे काम मात्र सुताचा काउंट काढून दाखवल्याने जितके होईल, तितके माझ्या लिहिण्याने होणार नाही.

पूर्वभागातली_शिक्षिका

आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिलेत, त्याबद्दल आभारी आहे. पाच तासिका झाल्या आहेत, म्हणून काय घडले ते कळवते.

निवृत्त सरांचे ऐकून सुतापासून सुरुवात केली. आमचा तराजू दशांशाच्या दुसऱ्या स्थळाशी डळमळतो, त्यामुळे 10 मीटरऐवजी 50 मीटर सूत तोलले. ते वर्गाच्या दोन भिंतींमध्ये फेऱ्या मारून मोजण्यातच अर्धी तासिका गेली, तरी ती वाया गेली असे मला वाटत नाही. चार गटांचे उत्तर 9.6 ते 10.3 काउंटच्या दरम्यान आले. बाटलीच्या प्रयोगात वर्गाने हात वर करून मत दिले होते आणि सदतीसपैकी एकतीस जणांनी कोरड्या धाग्याच्या बाजूने कौल दिला होता. सहा जण विरोधात होते. त्यांतल्या चौघांच्या घरी माग आहेत, हे नंतर कळले. "आजोबा धागा जोडताना बोट ओले करतात," एवढेच कारण एकाने दिले. त्यावर मला काही जोडावेसे वाटले नाही.

छत्तीस ठिपक्यांचे गणित पाच मिनिटांत सुटले आणि मग "मालकांनी पगारातून किती कापले?" हा प्रश्न तीन वेळा आला. ग्राफवाल्या सरांनी उत्तर द्यावे ही विनंती.

चादर आणणाऱ्या मुलीने चिमटीची परीक्षा सगळ्या वर्गासमोर केली. मोराच्या पोटात पापुद्रे सुटले. त्यानंतर चौकटीच्या वहीत शाळेचे नाव काढून ते विणल्यासारखे भिंतीवर लावायचे, असे ठरले होते. पण दोन्ही बाजूंनी नीट वाचता येईल असे नाव विणता येईल का, असा पेच तिनेच घातला. मुलांनी फळ्यावर पूर्ण बाराखडी लिहून एकेक अक्षर आरशात पाहिले आणि खोडत गेली. शेवटी फळ्यावर फक्त "ठ" उरला. एका अक्षरात शाळेचे नाव बसत नसल्यामुळे शनिवारी आम्ही भिंतीवर दोन्ही बाजूंनी सारखेच दिसणारे कमळ लावणार आहोत, त्याच्या 32 ओळींपैकी 19 ओळी आज वाचून झाल्या.

ग्राफवाला

मॅडम, मुलांना सांगा, अर्ध्या दिवसाचा रोज कापला होता. आणि कमळाची मधली उभी रेघ एका चौकटीवर येते की दोन चौकटींच्या मध्ये, हे पुढच्या ओळी वाचण्याआधी तपासून घ्या. कमळ रुंदीलाही 32 चौकटींचे असेल, तर 32 ही सम संख्या आहे. मधोमध एकच चौकट धरली असेल, तर एक पाकळी दुसरीपेक्षा एका धाग्याने जाड होईल.